शेवट न दाखवणारे कादरी सर

कादरी सरांनी पोरांना सिनेमाचा शेवट कधी दाखवला नाही.

आमच्या टेंभुर्णीच्या शाळेला कुणा परदेशी पाहुण्यानं एक प्रोजेक्टर आणि एकच फिल्म भेट दिली होती. मुलांसाठी केलेली, चितारलेल्या हलत्या चित्रांची. तिची भाषा कुणालाच कळत नव्हती. डोळे नसलेला एक काळा राजा लेकरांच्या सावल्या खात हिंडतो आणि आईच्या दारातून निघालेली एक मुलगी काटवनातून त्याच्या महालापर्यंत पोचते, एवढं समजायचं. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून सर ती दाखवत आणि आपल्या मराठीत सांगत. महालाचं दार उघडलं, की खटकन प्रोजेक्टरचा दिवा बंद.

"सर, राजा मरतो का?" पोरं ओरडत.

"मरत न्हाई. बदली होते त्याची. आता टेंभुर्णीलाच येऊन राह्यला."

बारकी पोरं भोकाड पसरत. हेडमास्तर चिडले, "कादरी, लेकरं चड्डीत मुतून राह्यली!"

"मुतू द्या की साहेब. पुढं जिंदगीत मुतायला टाइम भेटत न्हाई."

असा कडवट माणूस. मी गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, घराण्यातला पहिला बी.ए., छाती फुगवून याच शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. सर म्हणाले, "मुबारक! आता अख्ख्या वस्तीचे अर्ज लिहिणं तुमच्या गळ्यात." पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीच सरकून जागा देईना, तेव्हा आपला अर्धा बाक रुमालानं झटकून दिला तो त्यांनीच.

सातवीतली सुमन त्या शेवटासाठी त्यांच्या फार मागं लागायची. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. दिवाळीनंतर एका दुपारी सासरा मंठ्याहून तिला न्यायला आला, तर ही पळत शाळेत. तोही मागोमाग येऊन फाटकात उभा राहिला.

"सर, मी आता काई परत येत न्हाई. तेवढं सांगा. सुटती का ती?"

सरांनी उठून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मग म्हणाले, "बैठ." मला दार लावायला सांगितलं.

दिवा न लावताच त्यांनी फिल्म शेवटापर्यंत पळवली, आवाज बंद केला आणि एक खटका फिरवून दिवा लावला.

पडद्यावर राजानं तोंड उघडलं. आतून सावली बाहेर आली आणि मुलीच्या पायांना चिकटली. महालाचं दार मिटलं. मुलगी एकेक पाऊल मागं टाकत, काटवनातून, आईच्या दारात पोचली.

सुमननं टाळ्या पिटल्या. "पण सर, ती उलटी कामून चालून राह्यली?"

"राजाकडं पाठ करायची न्हाई, बेटा. त्याच्यावर नजर ठेवूनच घरी यायचं."

ती बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "सर, तुम्ही फिल्म उलटी फिरवलीत. म्हणजे खरं तर राजा तिला..."

"मंग? सुलटी दाखवू होय तिला?"

खिडकीवरची घोंगडी काढली, तर सुमन पटांगणातून चालली होती. उलटी. हसत, आमच्याकडं बघत. तिच्या पाठीमागं फाटकात सासरा उभा होता.

सर गज धरून पुटपुटले, "इकडं न्हाई, पोरी. तिकडं बघ."