तिहोमिरचे पाय

नाताळच्या सकाळी घरात पहिला पाय कुणाचा पडतो यावर पुढचं अख्खं वर्ष ठरतं, हे आमच्या गोर्नी डोल गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून सात जानेवारीला, जुन्या पंचांगाने येणाऱ्या आमच्या नाताळाला, कुणी कुणाच्या दारात जात नाही. जायचं ते फक्त आधी ठरवून ठेवलेल्या पहिल्या पाहुण्याने. त्याने उजाडता उजाडता यायचं, चुलीतला ओकचा ओंडका काठीने ढोसायचा, ठिणग्या उडतील तितकी वासरं आणि तितकी कोकरं घरासाठी मागायची. घरच्या बाईने त्याच्यावर गहू उधळायचे, साय दाट यावी म्हणून त्याला जाड घोंगडीत गुंडाळायचं आणि स्वतः विणलेले लोकरी मोजे द्यायचे. मग त्याने संध्याकाळपर्यंत जेवत बसायचं.

विदोसावच्या घरी हे काम चौदा वर्षं शेजारच्या तिहोमिरकडे होतं. तिहोमिर उंच, हडकुळा, आणि पाय इतके मोठे की बूट तालुक्याहून सांगून आणावे लागत. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. वर्षातून एकदा, नाताळला, त्याला भरल्या घरात जेवण मिळे, ते विदोसावकडे. त्या दिवसाची तो सप्टेंबरपासून वाट पाहत असे, पण हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मागचं वर्ष मात्र विदोसावला फार वाईट गेलं. जूनमध्ये गारांनी सगळे प्लम झोडपले. डुकरिणीने आपल्याच सहा पिल्लांवर अंग टाकलं. आणि घरातली एकुलती एक गाय यागोदा, तिचं वासरू मेलेलंच जन्माला आलं. विदोसावने यावर उन्हाळाभर विचार केला आणि ऑक्टोबरात तो कुंपणापाशी जाऊन उभा राहिला.

"तिहोमिर, यंदा नाताळला तू तसदी घेऊ नकोस."

"कसली तसदी? चाळीस पावलं तर आहेत."

"तीच चाळीस पावलं म्हणतोय मी."

तिहोमिरने आपल्या पायांकडे पाहिलं. मग तो घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

नव्या पाहुण्याची निवड सोपी होती. पुलापलीकडे राहणारा ओब्रेन हा विदोसावचा कुम, म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला आणि मुलीच्या बाप्तिस्म्यात तिला हातावर धरलेला माणूस. त्याचा पायगुण तर सगळ्या डोंगरात गाजत होता. गेल्या नाताळला तो वरच्या आळीतल्या एका घरी पहिला गेला आणि त्या घरच्या गायीला जुळं झालं.

"ओब्रेनचं म्हणशील," रोसा, म्हणजे विदोसावची बायको, मोजे विणता विणता म्हणाली, "तर गेल्या नाताळला त्याने..."

"कुमबद्दल या घरात वेडंवाकडं बोलायचं नाही."

"मी कुठे वेडंवाकडं बोलतेय? मी फक्त सांगतेय की..."

"सांगायचंही नाही." मग विदोसावची नजर सुयांवर गेली. "हे मोजे केवढे विणतेस? यात ओब्रेन दोन वेळा मावेल."

"लोकर आहे. धुतल्यावर आटते," रोसा म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

यागोदा पुन्हा गाभण होती आणि तिचे दिवस भरायला तेव्हा अडीच महिने होते. विदोसावने हिशेब करून ठेवला होता की गाय नाताळनंतर आठवड्याने विणार, म्हणजे ओब्रेनच्या पायगुणाला काम करायला पुरेसा वेळ मिळणार. हे वासरूही गेलं तर गाय विकावी लागेल, आणि गाय विकून डोंगरावर राहण्यात काही अर्थ नाही, हे तो रोज गोठ्यात तिच्या कानाशी सांगत असे.

नाताळच्या सकाळी थर्मामीटरमधला पारा उणे अठरावर होता. स्वयंपाकघरात आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे जमिनीवर पेंढा पसरला होता, कोपऱ्यांत अक्रोड टाकले होते. पाहुण्यासाठी तीनपायी स्टूल, घोंगडी, गहू, मोजे, सगळं मांडून तयार होतं. सहा वाजता यायचा ओब्रेन सात वाजले तरी आला नव्हता. सव्वासातला त्याचा फोन आला.

"कुमा, गाडी पुलाजवळ चरात घसरली. ट्रॅक्टर मिळाला की निघालोच."

"चालत ये!"

"नवीन बूट आहेत रे."

तेवढ्यात गोठ्यातून यागोदा ओरडली. विदोसाव धावत गेला आणि तसाच धावत परत आला. गाय व्यायला लागली होती. वासराचं नाक दिसत होतं, एक खूर दिसत होता, पण दुसऱ्या खुराचा पत्ता नव्हता.

त्याने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. पलीकडून आधी गाण्याचा आवाज आला, मग डॉक्टरचा.

"ख्रिस्त जन्मला!" डॉक्टर म्हणाला.

"खरोखर जन्मला! डॉक्टर, गाय अडलीय, पाय मागे मुडपलाय. ताबडतोब या!"

"येऊ कसा? मी इथे यांचा पहिला पाहुणा आहे. मला घोंगडीत गुंडाळून बसवलंय. संध्याकाळच्या आत उठलो तर यांचं वर्ष बुडेल, असं ही मंडळी म्हणतात." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "शिवाय ब्रँडीही पाजलीय, विदोसाव. चार वेळा."

विदोसावने फोन ठेवला. रोसा खिडकीतून कुंपणापलीकडे पाहत होती. तिहोमिरच्या धुराड्यातून धूर निघत होता. मुडपलेला पाय सरळ करायला लांब, बारीक हात लागतो, आणि तसा हात अख्ख्या डोंगरात एकाच माणसाचा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"जा आणि बोलव त्याला," रोसा म्हणाली.

"त्याला? आज? ओब्रेन यायच्या आधी?"

"मग गायीला सांग, ट्रॅक्टर येईपर्यंत थांब म्हणावं."

विदोसाव कुंपणाशी गेला. तिहोमिर आधीच तिथे उभा होता. यागोदाचं ओरडणं त्यालाही ऐकू येत होतं, आणि बाह्या त्याने दुमडून ठेवल्या होत्या.

"ख्रिस्त जन्मला," तिहोमिर म्हणाला. त्याला उत्तर द्यावंच लागतं, भांडण असो वा नसो.

"खरोखर जन्मला. तिहोमिर, गाय अडलीय."

"ऐकतोय."

"तू येशील का?"

"येईन की. पण माझे पाय तुझ्या हद्दीत नकोत ना? मग हात कुंपणावरून लांब करू का?"

"गोठ्यात चालेल."

"नक्की? गोठा घरात धरायचा की बाहेर? आधी ठरवून सांग, नाहीतर पुढच्या ऑक्टोबरात परत कुंपणाशी येशील."

विदोसावने खरोखर विचार केला. तोवर यागोदा आणखी एकदा ओरडली.

"बाहेर!" तो म्हणाला. "गोठा बाहेर, अंगण बाहेर. पायरी मात्र घरात."

तिहोमिरने कुंपण ओलांडलं. गोठ्यात शिरताना त्याने डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली. रोसाने गरम पाणी आणि साबण आणून दिला. तिहोमिरने खांद्यापर्यंत हात धुतला, वासराचं डोकं हलकेच मागे ढकललं, मुडपलेला खूर तळहातात झाकून धरला आणि डोळे मिटून पाव तास गायीशी बोलत राहिला. तो तिला काय सांगत होता ते कुणालाच कळलं नाही. मग दुसरा खूर बाहेर दिसला.

"आता ओढ," तो विदोसावला म्हणाला.

विदोसावने ओढलं. वासरू बाहेर आलं आणि त्याच क्षणी विदोसावच्या कमरेत कट्‌ असा आवाज झाला. तो जो वाकला तो वाकलेलाच राहिला.

वासरू हलत नव्हतं. तिहोमिरने त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, पेंढ्याची काडी घालून गुदगुल्या केल्या, कानात गार पाणी ओतलं. वाकलेल्या विदोसावला फक्त चार बूट आणि एक वासरू दिसत होतं, आणि वासराकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. शेवटी वासरू शिंकलं.

"कालवड आहे," तिहोमिर म्हणाला. "पण फार दमलीय. अंग ओलं, आणि ही थंडी. चुलीजवळ न्यायला हवी, नाहीतर तासाभरात काही उरायचं नाही."

"मी नेतो," विदोसाव जमिनीकडे पाहत म्हणाला, आणि एक पाऊल टाकून किंचाळला.

कालवड चाळीस किलोंच्या आसपास होती. रोसाला ती एकटीला उचलणं शक्य नव्हतं. तिहोमिरने काही न विचारता तिला आपल्या कोटात गुंडाळून उचललं, अंगण ओलांडलं आणि तो पायरीपाशी येऊन थांबला.

"इथपर्यंत बाहेर," तो म्हणाला. "आता?"

मागून काटकोनात वाकलेला विदोसाव काठी टेकत आला. थंडी वाढत होती. कालवडीच्या अंगावर पाणी गोठायला लागलं होतं.

"ओब्रेनला फोन करून बघू," विदोसाव म्हणाला. "कदाचित जवळच आला असेल."

"अरे माणसा!" रोसा ओरडली. "माझ्या आजोबांच्या घरी नाताळला पहिला पाहुणा कोण असायचा, ठाऊक आहे? बैल! दोन पायांच्या माणसांवर त्यांचा भरवसाच नव्हता. तिहोमिर, कालवडीचं तोंड पुढे कर. आधी तिचे पाय आत जाऊ देत."

तिहोमिरने कालवड पुढे धरली. रोसाने तिचा पुढचा उजवा खूर धरून उंबऱ्याच्या आत पेंढ्यावर टेकवला, मग डावा, मग मागचे दोन्ही. त्यानंतरच तिहोमिरचे बूट आत आले. विदोसावने हे सगळं अगदी जवळून पाहिलं, कारण त्याचं डोकं तेवढ्याच उंचीवर होतं.

पुढचं सगळं रिवाजाप्रमाणे झालं, कुणी न ठरवता. पेंढा पसरलेलाच होता. घोंगडी तयारच होती, ती रोसाने कालवडीभोवती गुंडाळली. कालवड उभी राहायला गेली, स्टुलावर आदळली, आणि तिची लाथ चुलीतून बाहेर आलेल्या ओकच्या ओंडक्याच्या टोकावर बसली. ठिणग्यांचा असा लोट उडाला की घोंगडीचा काठ जळाला. रोसाने सवयीने मूठभर गहू उधळले.

"किती होत्या?" विदोसावने विचारलं.

"मोजत बसले नाही. पुष्कळ," रोसा म्हणाली.

दहा वाजता ओब्रेन आला, नवे बूट हातात धरून आणि ट्रॅक्टरवाल्याचे जुने बूट पायात घालून. चुलीपाशी तिहोमिर कालवडीला बाटलीने चीक पाजत होता. यागोदा गोठ्यात चारा खात होती. ओब्रेनने सगळीकडे नजर फिरवली आणि छाती पुढे काढली.

"बघितलंस, कुमा? मी नुसता निघालो आणि कालवड झाली! पायगुण म्हणतात तो हा!"

रोसाने हातातली सुरी टेबलावर ठेवली.

"गेल्या वर्षीही होता तुझा पायगुण," ती म्हणाली. "विदोसाव गोठ्यात होता. तू वरच्या आळीत चालला होतास, थंडी वाजते म्हणून इथे आत आलास. त्याच पेंढ्यावर उभा राहून दोन पेले ब्रँडी प्यालास आणि म्हणालास, रोसा, मी आलो होतो हे कुणाला सांगू नकोस, नाहीतर वरचे म्हणतील पायगुण वाटेतच सांडला. तिहोमिर त्यानंतर अर्ध्या तासाने आला. पहिला पाय तुझा होता, कुमा."

ओब्रेनने हातातले नवे बूट या हातातून त्या हातात घेतले.

"वरच्यांना तर जुळं झालं," तो पुटपुटला.

"तू मला हे आधी का सांगितलं नाहीस?" विदोसावने फरशीला विचारलं. त्याला मान वर करता येत नव्हती.

"तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तू म्हणालास, कुमबद्दल बोलायचं नाही."

विदोसाव काठी टेकत तिहोमिरच्या समोर आला. त्याला तिहोमिरचा चेहरा दिसत नव्हता, पाय तेवढे दिसत होते, म्हणून तो पायांशीच बोलला.

"चूक माझी झाली," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी येशील ना?"

"पुढच्या वर्षाचं पुढे बघू," तिहोमिर बाटली हलवत म्हणाला. "आज जेवायला थांबू का, ते सांग."

रोसाने पाहुण्यासाठी मांडून ठेवलेले मोजे उचलले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. तिहोमिरने ओले बूट काढले आणि मोजे चढवले. टाचेच्या जागी टाच, बोटांच्या जागी बोटं, कुठे एक सुरकुती नाही की कुठे एक टाका ताणलेला नाही. त्याने दोन्ही पाय चुलीसमोर लांब केले आणि तो उगीचच त्यांच्याकडे पाहत बसला.

विदोसावही अगदी जवळून पाहत होता.

"तू तर म्हणाली होतीस, धुतल्यावर आटतात," तो म्हणाला.

"अजून धुतलेत कुठे?" रोसा म्हणाली आणि तिने पाव कापायला घेतला.