निरोगी माणूस पाहिजे

मेंदू-संशोधन संस्थेत निरोगी माणसांची तीव्र टंचाई असल्याचे अधिकृतरीत्या मान्य झाले, त्याच आठवड्यात ताई धाकट्या भावाला घेऊन तिथे पोचली. स्किझोफ्रेनियात मेंदूत नेमके काय बदलते, ते यंत्रात फोटो काढून पाहायचे, असा तिथला प्रकल्प होता. ताईला विज्ञानाशी काही देणेघेणे नव्हते. तिला फोटो हवा होता.

तो थोरल्या भावाच्या तोंडावर मारायचा होता. धाकटा बरीच वर्षे गोळ्या घेत होता, अर्धा दिवस फ्रेमच्या दुकानात काचा कापत होता आणि गोळ्यांच्या गुंगीत उरलेला दिवस झोपत होता. थोरल्याच्या मते ही सगळी थेरं होती.

"हाड मोडलं की फोटोत दिसतं ना? मग याचंही दाखव," तो जेवताना म्हणाला होता. "दिसलं तर राहू दे त्याला मागच्या खोलीत. नाही दिसलं तर खोली भाड्याने देणार."

"दाखवतेच," म्हणून ताई ताटावरून उठली होती.

संस्थेची अडचण वेगळीच होती. रुग्ण हवे तेवढे होते. पण तुलनेसाठी तितकेच निरोगी लोक लागतात. प्रथेप्रमाणे आधी कर्मचाऱ्यांना आजाराच्या लक्षणांचे तीन प्रश्न विचारण्यात आले. आपल्यावर कुणी सतत नजर ठेवतं असं वाटतं का? सगळ्यांनी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघत होकार दिला. समोर कुणी नसताना आवाज ऐकू येतात का? टंकलेखिका म्हणाली, साहेब रजेवर असले तरी त्यांचा आवाज येतो. एखाद्या महान कार्यासाठी आपली निवड झाली आहे असं वाटतं का? इथे संचालक जातीने नापास झाले.

धाकट्याला मात्र संशोधक बाईंनी सहज म्हणून विचारले.

"कुणी नजर ठेवतं असं वाटतं?"

"आता नाही वाटत."

"आवाज येतात?"

त्याने नीट विचार केला. "नाही. गोळी चुकली तर सांगेन."

"महान कार्य वगैरे?"

"मी काचा कापतो."

बाई खुर्चीवरून उठल्याच. "सर, सापडला!"

ताई आजाराचे कागद पुढे करत राहिली, पण ते कुणी हातात घेईना. निरोगी माणसाला पूर्वीचा आजार विचारणे अपमानकारक आहे, असे नैतिकता समितीने ठरवून तो प्रश्नच काढून टाकला होता. धाकट्याला सन्मानाने यंत्रात सरकवण्यात आले आणि फोटोसोबत संचालकांच्या सहीचे प्रमाणपत्र मिळाले: निरोगी नमुना.

थोरल्याने ते मोठ्याने वाचले आणि मागच्या खोलीचे माप घ्यायला माणूस बोलावला. धाकट्याने आपली उशी उचलून बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. ताईने ते पाहिले. ती तशीच संस्थेत गेली.

"अहो, फोटोत त्याचा आजार दिसत नाही का?"

"एकेकट्या फोटोत तो दिसतच नसतो हो," बाई म्हणाल्या. "पुष्कळ फोटोंची सरासरी काढली, तर कुठे जरासा फरक कळतो."

"मग निरोगी कशावरून ठरवलंत?"

"प्रश्नांवरून."

"ते प्रमाणपत्र तरी रद्द करा!"

"करू की. पण जागा रिकामी ठेवता येत नाही. बदली निरोगी माणूस आणून द्या."

ताईने थोरल्यालाच नेले. आपल्या डोक्याची शहानिशा होणार म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहिल्याच प्रश्नाला उसळून म्हणाला, "वाटतं कसलं? ठेवतातच नजर! ही बहीणच ठेवते. आणि हे घर सांभाळायला माझीच निवड झालीय, देवानेच केलीय!"

निरोगी गटात न बसणाऱ्यासाठी संस्थेत दुसरा एकच गट होता. थोरल्यालाही प्रमाणपत्र मिळाले.

"ही संस्थाच बोगस आहे," घरी येऊन त्याने ते टराटरा फाडले.

"मग छोट्याचंही फाड ना, दादा."

"त्याचं का? त्याचं बरोबर आहे. चुकलंय ते फक्त माझं. रविवारी भाडेकरू येतोय."

म्हणून ताई सध्या निरोगी माणूस शोधत हिंडते आहे. शेजारी झाले, दुकानदार झाले, डॉक्टरसुद्धा झाले. आता वाचणाऱ्यांवर तिची भिस्त आहे. वाचणारी माणसे शहाणी असतात, असे तिने कुठेतरी ऐकले आहे. वरचे तिन्ही प्रश्न तुम्ही वाचलेत आणि मनातल्या मनात उत्तरेही देऊन टाकलीत. तिसऱ्याला जरा घुटमळलात, ते ताईने पाहिले आहे. तरी ती तुम्हाला घ्यायला तयार आहे. फक्त आता मागे वळून बघू नका, तिथेच नापास व्हाल.