उंबऱ्यातल्या बर्फाची मालकी

टॅमरॅक कोर्ट या आमच्या चोवीस घरांच्या वसाहतीत दिनांक अकरा जानेवारी रोजी घर क्रमांक सतराच्या गॅरेजचा दरवाजा जमिनीला चिकटला. मी वसाहतीच्या समितीचा सचिव असल्यामुळे ही नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे आणि ती अचूक आहे.

उत्तर मिनेसोटात दरवाजा गोठणं ही काही बातमी नव्हे. दोन दिवस ऊन पडलं, छपरावरचा बर्फ वितळून पन्हळीतून उंबऱ्यावर ठिबकला, तिसऱ्या पहाटे पारा शून्याखाली तीसवर गेला आणि दरवाजाखालची रबरी पट्टी फरशीशी एकजीव झाली.

सतरा नंबरात आर्डिस टोलफसन राहतात. वय एकोणऐंशी. गावच्या शाळेचं स्वयंपाकघर त्यांनी तीस वर्षं सांभाळलं, त्यामुळे निम्म्या समितीला त्यांनी जेवण वाढलेलं आहे. त्यांचे यजमान पामर टोलफसन पक्षाघातानंतर नऊ मैलांवरच्या शुश्रूषागृहात आहेत. समोर आर्डिस बसल्या तरच ते जेवतात. नर्सने चमचा पुढे केला की डोळे मिटून घेतात. म्हणून आर्डिस रोज सव्वाअकराला गाडी काढतात. त्या दिवशी दरवाजा वर ओढणारी मोटर नुसतीच कण्हली.

त्यांनी मला फोन केला. "दार चिकटलंय रे. किटलीभर गरम पाणी ओतते आणि निघते. तुला सांगून ठेवलं."

"थांबा, आर्डिस. नियम चौदा. सामाईक वाटेवर पाणी ओतता येत नाही. त्याचा पुन्हा बर्फ होतो."

"मग हेअर ड्रायर लावते."

"वायर घराबाहेर काढता येत नाही. चौदा अ."

"मीठ टाकू?"

"काँक्रीट खराब होतं. चौदा ब."

"मग काय करू? त्याच्याकडे बघत बसू?"

बघण्याला नियमांत कुठेही बंदी नाही, हे मी त्यांना आवर्जून सांगितलं.

प्रकरण गंभीर असल्यामुळे समितीची बैठक तिसऱ्याच दिवशी भरली. विषय एकच : सदर बर्फ कोणाचा? दरवाजाची बाहेरची बाजू वसाहतीची, आतली बाजू घरमालकाची. बर्फ मात्र बरोबर मध्ये. शिवाय तो आकाशातून आला, वसाहतीच्या छपरावर राहिला, वसाहतीच्या पन्हळीतून उतरला आणि आर्डिसच्या उंबऱ्यात स्थायिक झाला.

"म्हणजे तो आपलाच," अध्यक्ष ड्वेन स्कोगेन जरा घुटमळत म्हणाले.

"एवढा तुकडा आपला म्हणालात," नियम उपसमितीच्या लव्हॉन हेगस्टाड कडाडल्या, "तर उद्या अख्खा हिवाळा आपल्या गळ्यात पडेल!"

म्हणून मोजणी करायचं ठरलं. ड्वेन टेप घेऊन उंबऱ्यापाशी पालथे झोपले, मी आकडे लिहिले आणि आर्डिस दोघांसाठी कॉफी घेऊन आल्या. दोन भाग बर्फ बाहेर, तीन भाग आत असा निष्कर्ष निघाला. अर्थात मालकी संयुक्त ठरली. संयुक्त मालमत्ता फोडायला दोघांची संमती लागते. आर्डिसनी तिथल्या तिथे सही केली. वसाहतीची संमती सर्वसाधारण सभाच देऊ शकते आणि सभेला चौदा दिवसांची सूचना द्यावी लागते. ती मी त्याच संध्याकाळी दिली. दिरंगाई आमच्या स्वभावात नाही.

दरम्यान शेजारधर्म थांबलेला नव्हता. आमच्याकडे कोणी अडचणीत असलं की ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश घेऊन जायची रीत आहे. पाच दिवसांत सतरा नंबरात अकरा पातेली जमली. सगळ्यांत खिमा, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याचे गोळे. प्रत्येकजण पातेलं ठेवून म्हणायचा, काही लागलं तर सांगा हं.

आर्डिसनी ड्वेनला सांगून पाहिलं. "अरे ड्वेन, उद्या मला पामरकडे सोडशील? तासाभराचं काम आहे."

"सोडेन की! म्हणजे, उद्या जरा असं आहे... परवा म्हणावं तर तळ्यावर मासे धरायला... पण तुम्ही नुसती हाक मारा, आर्डिस. मी आहेच."

"हाकच मारतेय."

"तेच म्हणतो मी," ड्वेन म्हणाले, आणि बारावं पातेलं पुढे केलं.

आर्डिसनी ते घेतलं नाही. "मला नाही रे भूक. भूक त्याला लागलीय. हे तिकडे काय चालत घेऊन जाऊ?"

ड्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पापणीवरच गोठलं म्हणून ते लगेच घरी गेले.

सातव्या दिवशी शुश्रूषागृहाचा फोन आला, की पामरचं वजन सहा पौंडांनी उतरलंय. त्याच दिवशी नियम बावीस लागू झाला : जे गॅरेज सलग सात दिवस उघडलं जात नाही, ते गाडीसाठी नसून अडगळीसाठी वापरलं जात आहे असं समजावं. नोटीस मीच काढली. ती दरवाजावर चिकटवायची असते. दरवाजावर बर्फाचा थर असल्यामुळे चिकटेना. मी आर्डिसकडूनच चिकटपट्टी मागून घेतली. त्यांनी ती दिली, नोटीस वाचली आणि दार लावून घेतलं. मला जरा लागलं. पण मनाला लागण्याबद्दल नियम नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकराला आर्डिस बाहेर आल्या. अंगावर पामरचा जाड कोट आणि हातात पामरची पहार, तळ्यावर मासे धरताना बर्फाला भोक पाडायची. पहिला घाव पडला मात्र, तीन मिनिटांत आम्ही तेवीस घरं बाहेर. नऊ दिवसांत एवढी तत्परता प्रथमच दिसली.

"आर्डिस, दोन भाग बर्फ आमचा आहे!" लव्हॉन ओरडल्या.

"मग तुमचा तुम्ही फोडा. ही घे."

लव्हॉननी हात पाठीमागे नेले.

"ड्वेन, तू घे. तुला चार वेळा मॅकरोनी वाढायचे मी, आठवतंय?"

ड्वेन बुटांकडे बघत राहिले. मी नोंदीसाठी फोटो काढला. आर्डिसनी श्वास घेतला आणि पुन्हा पहार उचलली. खण्ण, खण्ण. थांबल्या, दम खाल्ला, पुन्हा खण्ण. अकराव्या मिनिटाला पट्टी सुटली. दरवाजा कुरकुरत वर गेला आणि आमच्यामधून वाट काढत गाडी निघून गेली.

त्या दिवशी पामरनी दोन वाट्या सूप प्यायलं. महिन्याभरात तोंडातून शब्द फुटला नव्हता, तो फुटला : "उशीर केलास." हे आर्डिसनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना हसल्या.

तिकडे सर्वसाधारण सभा ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी, म्हणजे सव्वाअकराला झाली. नियम एकतीस मंजूर झाला : कोणत्याही सभासदाने गोठलेला दरवाजा स्वतः फोडू नये, अर्ज करावा, सभेची संमती घ्यावी. बाजूने तेवीस, विरोधात शून्य. आर्डिस पामरकडे होत्या.

फेब्रुवारीत पडताक्षणी गोठणारा पाऊस झाला आणि एका सकाळी तेवीस दरवाजे एकदम चिकटले. आर्डिसचा नाही, त्या आता पट्टीला स्वयंपाकाचं तेल लावतात. माझ्याकडे तेवीस अर्ज आले, त्यात एक माझा. सभेची सूचना निघाली आहे, चौदा दिवसांची. आर्डिसनी पहार त्यांच्या दाराबाहेर उभी करून ठेवलीय, वर चिठ्ठी : ज्याला हवी त्याने न्यावी. आज सहावा दिवस. तेवीस घरांच्या खिडक्यांतून तेवीस माणसं तिच्याकडे बघताहेत. पहिला कोण जातो, याची प्रत्येकाला उत्सुकता आहे.

तुम्हाला आमचं हसू येतंय, येऊ द्या. तुमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातला दिवा किती महिने बंद आहे? बल्ब तुमच्या कपाटात आहे, स्टूलही आहे. काल अंधारात चाचपडत वर चढताना तुम्ही म्हणालात, कोणीतरी बसवायला हवा. त्या कोणीतरीचा पत्ता लागला तर आम्हालाही कळवा. आम्ही घरीच आहोत.