गैरहजर किल्लेदाराची बखर

श्री. निसरड्या जागी माणसाचा पाय सांभाळणारी जी कोणी देवता असेल, तिचे स्मरण करोन हकीकत लिहिली ऐसी जे : शके १९१५, श्रीमुखनाम संवत्सरी, डोंगराच्या उत्तर अंगास एक राज्य होते, तेथे सहामाही हिवाळा आणि लोक हट्टी. पोलादी पात्यांचे जोडे घालोन, हाती वाकड्या काठ्या घेवोन, बर्फावरोन रबराची काळी चकती परक्याच्या जाळ्यात घालावी, ऐसा खेळ त्या राज्यात चाले, त्यास आइस हॉकी म्हणत. आणि खेळणारांच्या दौलती दोन. थोरलीचे दिवे, वाद्ये, मानमरातब अपार. आणि धाकटीतील गडी दिवसा मास्तरकी, लाँड्री, दंतवैद्यकी करीत व संध्याकाळी लढत. धाकटीतील एक पथक गावच्या लोणचेवाल्या शेठजींनी उभे केले, बटाट्यांची जुनी कोठी घेवोन आत बर्फ जमविला, आणि निशाणावर अस्वल काढावे म्हणोन चिताऱ्यास आज्ञा केली. चिताऱ्याने अस्वल कधी पाहिले नव्हते. निशाण फडकले तेव्हा लोकांस ती घूस दिसली, मग पथकास घुशी हेच नाव पडले, आणि शेठजी बहुत रागे भरले, परंतु नाव काही उतरेना. पहिल्याच लढाईत सत्तावीस चकत्या जाळ्यात आल्या. जाळे राखणारास किल्लेदार म्हणत; तेव्हाचे किल्लेदार गोपाळपंत आगाशे लढाईनंतर शांतपणे बोलिले, "पुढील खेपेस जाळे लहान करावे."

पुढे बहुत वर्षे गेली, मालक बदलले, छत गळले, आणि यश म्हणोन आले नाही. कारण ऐसे की, जो गडी चांगला निघे त्यास थोरल्या दौलतीचे बोलावणे येई, आणि वाईट निघे तो राही. गोपाळपंत उतारवयात शिक्षागुरू जाहले, आणि किल्ला सुभानजी खळदकर यांजकडे आला. सुभानजी देहाने भरीव, बोलणे कमी, दिवसा शाळेत भूगोल शिकवीत. ते चांगले की वाईट, हे थोरल्या दौलतीस काही ठरविता येईना, सबब सुभानजी दर हिवाळ्यास बोलावण्याची वाट पाहात, आणि पाहात नाही ऐसे दाखवीत. त्यांच्या पत्नी लाडूबाई यांस मात्र ठाऊक होते, कारण फोन वाजला की सुभानजींचा घास हातीच राही.

मग शके १९३४, नंदननाम संवत्सरी, घुशींनी कधी नव्हे तो पराक्रम केला, आणि करंडकाची अखेरची लढाई आपल्याच कोठीत येवोन ठेपली. त्याच दिवशी सकाळी फोन आला. थोरल्या दौलतीतील एका पथकाचे राखीव किल्लेदार न्हाणीघरात घसरोन पडिले, संध्याकाळी तेथेही लढाई, तरी दुपारच्या गाडीने निघावे. सुभानजी कोठीत गेले आणि म्हणाले, "पंत, मी जात नाही."

पंत जोड्यांची नाडी ओवीत होते. म्हणाले, "इतकी माणसे मी वर पाठवली, एकास अडवले नाही. तुम्हांस अडवोन पाप घेत नाही."

"किल्ला कोण राखील?"

"मी."

"आणि आपले गुडघे?"

"आले तर बरोबर येतील."

मग सुभानजी घरी आले. लाडूबाईंनी पिशवी भरोनच ठेविली होती. म्हणाल्या, "जावे. न गेलात तर तुम्ही तोंडाने काही बोलणार नाही, आणि ते न बोलणे जन्मभर मला ऐकावे लागेल."

मग सुभानजी गेले. थोरल्या दौलतीचा मंडप पाहोन क्षणभर भ्रमले. परंतु राखीव किल्लेदाराचे काम इतकेच की, बाकावर बसावे आणि गडी येता जाता कठड्याचे दार उघडावे. ते त्यांनी नेकीने केले, आणि मन सगळे बटाट्यांच्या कोठीत. लढाईची अखेर आली, आपली बाजू इतकी वरचढ जाहली की सेनापतींस औदार्य सुचले, म्हणाले, "खळदकर, उतरा. आता काही बिघडत नाही." सुभानजी जाळ्यासमोर उभे राहिले, तो प्रेक्षक आपापल्या गाड्या शोधावयास उठत होते. एक चकती आली, सुभानजींवर आपटोन बाजूस गेली, आणि भोंगा वाजला.

कपडे बदलता लाडूबाईंचा फोन आला. "जिंकलो," त्या म्हणाल्या. "पंतांची बरगडी गेली. हसताहेत, आणि हसले की कळवळताहेत." सुभानजींस हर्ष बहुत जाहला, आणि हर्षाच्या तळाशी एक काटा रुतला, त्याची त्यांस लाजही वाटली.

दुसरे दिवशी परत आले, तो मिरवणूक संपली होती आणि लोक रस्त्यावरचा गुलाल धूत होते. आता गावापुढे निराळेच संकट पडिले. लढाई सांगावी ऐसी मातबर, आणि ऐकावयास कोणी नाही, कारण झाडून सारा गाव कोठीत हजर होता. न पाहिलेला असामी एकच, सुभानजी. मग जो तो त्यांस गाठू लागला. पथकाचे नायक दर्याजी पलांडे यांनी घरी येवोन सांगितली, दंतवैद्याने सुभानजींच्या तोंडात चिमटा घालोन सांगितली, पंतांनी पट्टा बांधल्या बरगडीने तीन वेळा सांगितली. सुभानजींस आरंभी प्रत्येक शब्द टोचे. परंतु उठोन जाणे स्वभावात नव्हते, मग ऐकत गेले, आणि एके दिवशी दर्याजींस मध्येच म्हणाले, "नाही, तेव्हा पंत डाव्या कुशीवर होते." दर्याजींनी आठवोन पाहिले आणि म्हणाले, "खरेच." त्या दिवसापासोन टोचणे कमी जाहले.

हिवाळा सरता एके दिवशी जेवता जेवता लाडूबाई म्हणाल्या, "साऱ्या गावाचे ऐकलेत. तुमच्याकडे ती एक चकती आली, ती कशी होती?"

सुभानजींनी विचार केला. "दिसली नाही. छातीवर बसली तेव्हा कळले."

"दुखले?"

"दोन दिवस."

"मग बोलला नाहीत?"

"कोणी विचारले नाही."

लाडूबाईंनी वाढणे थांबविले आणि म्हणाल्या, "मी विचारते आहे. गाडीत बसलात तेथोन सांगा." मग सुभानजी सांगू लागले. भात निवला, आमटी निवली, तरी मंडप पुरता सांगोन जाहला नव्हता.

तात्पर्य, घुशींनी करंडक एकवार घेतला, तो पुनः आला नाही. हजर असलेल्या कोणाचे कोणाशी जुळेना, सबब कोठीतील लढाईचे एकंदर वर्तमान खळदकर किल्लेदारांच्या मुखे ऐकोन लिहिले आहे, ते प्रमाण मानावे. लेखनसीमा.