फळ्याला बाई पसंत पडल्या

आमच्या शाळेत यंत्रं मास्तरांना बघायला येत्यात, आणि पसंत पडला तरच मास्तर टिकतो. यमगरबाईंचं शेवटी काय झालं ते आधी ओळखून दाखवा. ओळखलंत तर ही कवळी काढून तुमच्या हातात देतो.

ही रीत काय आजची न्हाई. रेडिओ आला तवा कॉलेजातले दाभोळे सर काळ्याभोर केसांचे हुते. यंत्राला मास्तर का पसंत पडतो, ह्याचाच त्यांचा अभ्यास. रेडिओला त्यांनी एकच विचारलं, मास्तर कामाचा वाटतो का. रेडिओ हो म्हणला, झालं. टीव्हीच्या वेळंला त्यांच्या ध्यानात आलं, कामाचा मास्तरबी नापसंत हुतो. मग जोडीला आलं, वापरायला सोपा हाय का. कंप्युटर आला तवर सरांना टक्कल पडलं, आणि शेजारची यंत्रं काय म्हणत्यात तेबी विचारायला लागले. सोयरिकीच्या चौकशीवानी अभ्यास वाढत गेला.

मग आला बोटानं चालणारा फळा. त्याला यमगरबाई दाखवायच्या हुत्या. बाईंची नोकरी वरीसभर उरलेली, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. नापसंत झाल्या तर बदली घाटापलीकडं, मग म्हातारीला पाणी कोण पाजणार?

फळ्याला सतरंजीवर बसवलं, कुंकू लावलं, पुढं पोहे ठेवले. फळा खात न्हाई, म्हणून सरांनी खाल्ले. मग चौकशी. बाई कामाच्या हायत, फळा म्हणला. सोप्या न्हाईत, बोट फार जोरात दाबत्यात. रेडिओनं बाईंचं चांगलं सांगितलं, पण तो म्हातारा, त्याचं कोण धरतं. मी शाळेचा शिपाई, मागनं म्हणलो, टीव्हीला तेवढं विचारू नका, बाई त्याच्यावर खडू वाळवत्यात. सरांनी डोळे वटारले.

सर 'नापसंत' म्हणणार, एवढ्यात बाई पदर सावरून फळ्यापुढं बसल्या.

"बाळा, तुला माझी भीती वाटती का?"

फळा निळा पडला.

"वाटते. तुम्ही मला बंद करून परत खडू घ्याल."

"मलाबी तुझी वाटती. माझ्या हातनं मोडशील म्हणून."

"मग हळूहळू शिकू," फळा म्हणला. "मला बाई पसंत आहेत."

दाभोळे सरांनी चष्मा काढून पुसला. इतकी वर्षं हेच विचारायचं राहिलं, म्हणले, आणि भीतीचा प्रश्न अभ्यासात घातला. आता सगळीकडं विचारत्यात.

बाई राहिल्या. सासूचं शेवटपर्यंत केलं. नोकरी संपली तशी शाळेनं शाल दिली, नारळ दिला. नवे गुरुजी आले, त्यांनी बटण दाबलं, फळा उजळंना. तालुक्याचे साहेब दोनदा समजावून गेले. फळा म्हणला, माझी पसंती झालेली आहे.

बाई अजून रोज सकाळी शाळेत येत्यात. पुण्यात लेकीनं त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवलेली. तिथं आता जावई सायकल लावतो.