मास्तरांनी चिकटवलेली बायको

"चाळीस वर्षं गावाची मापं घेतली, स्वतःच्या बायकोचा चेहरा कसा चुकेल?" असं म्हणत टेलरमास्तरांनी कात्री उघडली.

प्रश्न कात्रणांच्या जिवाचा होता. पलंगाखाली चार ट्रंका भरून वर्तमानपत्रांची कात्रणं! बायकोनं निकाल दिला होता, "रविवारी रद्दीवाला येतोय. त्याआधी यातून एक तरी पाहण्याजोगी वस्तू निघाली, तरच ट्रंका राहतील!" म्हणून मास्तर तिचंच चित्र चिकटवत होते. केसांना काळ्या जाहिराती, गालांना पिवळा पडलेला कागद. कापडाला कापड जुळवावं तशी छटेला छटा जोडली आणि शनिवारी दुपारी चित्र तिच्यापुढे धरलं.

चुकलं ते इथंच! ती छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेली. तिला चित्र दिसेचना, मजकूर दिसला!

"कपाळावर काय हे? 'दोन दिवस पाणी बंद'!"

"अगं, मी रंग बघितला..."

"गालावर 'खड्डेच खड्डे'! हनुवटीखाली 'अवजड वाहनांना मनाई'! अहो, मनातलं असं छापून सांगतात का?"

आणि जाता जाता नाकावरची एक वेलांटी तिनं पेन्सिलीनं सुधारलीच!

मास्तर पुन्हा बसले. खड्ड्यांवर 'बहरल्या बागा' लावल्या, तर गाल सुजला. बागा सोलल्या, तर गालच हातात आला! खळ ओली, कागद जुना. एक सुरकुती दाबावी तर शेजारी दोन उठाव्यात. दिवेलागणीपर्यंत चित्रातली बायको पंचवीस वर्षांनी म्हातारी झाली. मास्तर ते पलंगाखाली सारणार, तोच ती दारात.

चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. आज पहिल्यांदा तिनं वाचलं नाही, नुसतं पाहिलं.

"आई!"

मास्तरांची खळ हातातच वाळली.

"कधी फोटो काढू दिला नाही हो तिनं. म्हणायची, कागदावर कशाला, तुमच्यातच राहीन." तिनं ओल्या गालावरून बोट फिरवलं. आधी कागदाच्या, मग स्वतःच्या. "उद्या रद्दीवाल्याला सांगा, येऊ नकोस म्हणावं."

मास्तर सुटकेचा निःश्वास टाकतात न टाकतात तोच ती वळली.

"पण तुम्ही तर माझं चित्र करत होता ना?"

"आधी वडीलधाऱ्यांचा मान!" मास्तर छाती काढून म्हणाले.

तीस वर्षं चुका धरलेली ती नजर क्षणभर त्यांच्यावर थांबली. ही एक चूक तिनं तशीच जाऊ दिली.

"बरं. आता माझं करा," म्हणत तिनं ट्रंक पुढ्यात ओढली. "कात्रणं मी निवडते. तुम्ही आपली खळ ढवळा!"