बिनपाण्याची बाग

अंगणातली हिरवळ काढून त्या जागी इथल्याच मातीतली, कमी पाण्यावर जगणारी झाडं लावणाऱ्याला घरपट्टीत सूट मिळेल, असं नगरपालिकेने जाहीर केलं आणि मी त्याच रविवारी कुदळ उचलली. (एरवी मी खिळा ठोकायलाही सुतार बोलावतो.) हिरवळ बायकोची होती, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. त्यामुळे परवानगी सुखासुखी मिळाली नाही. शेवटी तिने अट घातली. तपासणीत बाग नापास झाली, तर अंगणात फरशी बसणार आणि तिथे तिच्या भावाची गाडी उभी राहणार. आता मेहुण्याची गाडी आली म्हणजे रोज मेहुणाही आलाच. मी कुदळ आणखी जोरात चालवली.

रोपं देताना माळ्याने बजावलं होतं, मुळं धरेपर्यंत थोडं पाणी द्या, नंतर विसरून जा. विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं बायको म्हणते. पण नेमकं हेच मला विसरता येईना. ऑफिसात फाइल उघडली की ती तहानलेली झुडपं डोळ्यांपुढे यायची. एवढ्या उन्हात त्या बिचाऱ्यांनी पाणी मागायचं तरी कुणाकडे? मग बायको सकाळी फिरायला गेली की मी न्हाणीघरातून एक बादली आणून ओतू लागलो. एकीच्या दोन झाल्या. (एका मरतुकड्या रोपाला उरलेला चहाही पाजला. जरा तरतरी यावी म्हणून.)

पानं पिवळी पडली. तहान भागत नसणार, असं समजून मी तिसरी बादली सुरू केली. बायको काळजीने विचारायची, पाणी नक्की घालायचं नाही ना? मी ठणकावून सांगायचो, थेंबभरही नाही.

उद्यान निरीक्षक तपासणीला आले, तेव्हा सगळी झुडपं माना टाकून बसली होती. त्यांनी एक उपटून पाहिलं. ते चिखलासकट हातात आलं.

"पाणी कोण घालतं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिची हिरवळ माझ्या शब्दावर गेली होती. मला मनापासून वाईट वाटलं आणि मी बादल्यांचं सगळं सांगून टाकलं, चहासकट.

निरीक्षक मात्र खाली वाकून जमीन न्याहाळत होते. मेलेल्या झुडपांमधून बारीक पानांची रोपं दाट उगवली होती. ही कुणी लावली, असं त्यांनी विचारलं. ते तण आहे, उपटायचं राहिलं, मी ओशाळून म्हणालो.

"उपटू नका. ही अस्सल इथली. बी मातीतच पडून होतं, हिरवळ काढली तशी वर आली. आता पाणी बंद केलं तरी जगतील." मग ते बायकोकडे वळले. "बाग मंजूर करतो. पण एक अट आहे. यांनी तिला हात लावायचा नाही."

"चालेल," बायको म्हणाली. "स्वयंपाकघराला लग्नापासून हीच अट आहे."

निरीक्षकांनी तेही लिहून घेतलं.